ललिता पवार : कारकीर्दीचा कालक्रम आणि प्रेक्षकस्मृती

१

जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे ठिकाण मत्स्योदरी देवीच्या स्थानामुळे सर्वपरिचित आहे. चित्रपटनिर्मितीचा इतिहास लिहिणारास या गावाचे नाव घेण्याचे प्रयोजन पडत नाही. तो इतिहास पुणे, कोल्हापूर आणि मुंबई या तीन शहरांभोवती फिरतो. परंतु चित्रपटाचा इतिहास म्हणजे केवळ तो निर्माण करणाऱ्यांचा इतिहास नव्हे. तो पाहणाऱ्यांचाही एक इतिहास असतो, आणि त्या इतिहासात अंबडसारख्या गावांचे स्थान शहरांपेक्षा गौण मानता येत नाही. पडद्यावरील एखादा चेहरा ओळखणारे आणि पुढील पिढीला त्याची ओळख करून देणारे बहुसंख्य लोक अशाच गावांतून राहत आले आहेत.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती दाखविली जाई, आणि ज्या घरी दूरचित्रवाणीसंच असे तेथे शेजारपाजारची मंडळी जमत. या मालिकेत मंथरेचे काम ललिता पवार यांनी केले होते. तालुक्याच्या गावी वाढलेल्या ज्या पिढीने त्यांना तेथे प्रथम पाहिले, तिच्या दृष्टीने त्या एक वृद्ध, बाक आलेल्या, एक डोळा बारीक केलेल्या बाई होत्या. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना फार तर एवढेच सांगितले असेल की, ही सिनेमातली खाष्ट सासू. त्या वेळी ललिताबाईंना पडद्यावर येऊन एकोणसाठ वर्षे झाली होती, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक होती.

ही विस्मृती केवळ प्रेक्षकांची असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु ललिताबाईंचे जे चरित्र सामान्यतः लिहिले व सांगितले जाते त्यातही तीच विस्मृती आढळते. १९४२ साली चित्रीकरणाच्या वेळी बसलेली एक थप्पड, त्यामुळे अधू झालेला डोळा, संपलेले नायिकापद आणि त्यातून उदयास आलेली खलनायिका, असा त्या चरित्राचा ठरलेला आराखडा आहे. हा आराखडा कालक्रमाच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे झाला. त्यांचे मूळ नाव अंबा आणि माहेरचे आडनाव सगुण. वडील लक्ष्मणराव हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. येवला हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव. तेथील विणकामाचे नाव व परंपरा गोदावरीकाठच्या पैठणकडे जाते, आणि त्याच गोदावरीच्या खालच्या प्रवाहावर, शहागडच्या बाजूस, अंबड तालुक्याची दक्षिण सीमा आहे. राजकीय दृष्ट्या मात्र येवला आणि अंबड ही दोन वेगळ्या राज्यांतील गावे होती. येवला ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते, तर अंबड निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही सीमा राजकीय अर्थाने उरली नाही. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाल्यावर अंबड त्या जिल्ह्यात गेले. ललिताबाईंच्या कारकीर्दीचा काळ आणि अंबडच्या या स्थित्यंतरांचा काळ जवळजवळ एकच आहे.

ललिताबाईंनी चित्रसृष्टीत प्रवेश केला तो पुण्यात, नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत, बालनटी म्हणून. १९२८ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट त्यांच्या आरंभीच्या कामांत गणला जातो. या सालाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही व ते काम साळुंके नावाच्या पुरुष नटाने केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या खऱ्या, परंतु प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात जाणे पुढे बराच काळ निषिद्धच समजले गेले. दुर्गाबाई खोटे यांच्या १९३२ मधील ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटातील कामाला सामाजिक घटनेचे जे महत्त्व दिले जाते ते यामुळेच. येवल्याच्या व्यापारी कुटुंबातील मुलगी त्यापूर्वी चार वर्षे आधी या व्यवसायात आली होती, ही गोष्ट त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे.

मूकपटाच्या नटाला शब्दांचा आधार नसे. मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्या सोडल्या तर क्रोध, कपट, भय, कारुण्य ही सर्व डोळे, मान आणि हात यांच्याच द्वारे प्रकट करावी लागत. ललिताबाईंचे अभिनयाचे शिक्षण या पद्धतीत, तेही बालवयात, झाले. पुढील काळात बोलपटांतून त्यांची जी मुद्रा प्रसिद्ध झाली, म्हणजे मान किंचित वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत, बोलण्यापूर्वी क्षणभर थांबणे, तिचे मूळ शोधताना या शिक्षणाकडे पाहणे अवश्य आहे.

३

१९३१ साली ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे युग संपुष्टात येऊ लागले. मूकपटांतील अनेक नटनटींना हे स्थित्यंतर मानवले नाही. कोणाची भाषा आड आली तर कोणाचा आवाज. पार्श्वगायनाची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या त्या वर्षांत नायिकेने स्वतः गावे अशी अपेक्षा असे. ललिताबाई या परीक्षेत उतरल्या. १९३५ मधील ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा त्यांचा आरंभीचा बोलपट होय.

याच कालखंडात त्यांनी केवळ नटी म्हणून काम केले असे नाही. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. पुढे त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला. टॉलस्टॉय यांच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन त्यांचे त्या वेळचे पती ग. प. पवार यांनी केले होते. फसविल्या गेलेल्या व समाजाने टाकलेल्या स्त्रीची ती कथा. विशीच्या आसपासची एक नटी स्वतःच्या जबाबदारीवर अशा विषयाचा चित्रपट काढते, ही गोष्ट तिच्या व्यावसायिक जाणिवेची साक्ष मानावी लागते. त्यानंतर भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटांतून त्यांनी कामे केली.

म्हणजे १९४२ पूर्वीच त्यांच्या मागे चौदा वर्षांचा अनुभव होता. त्यात मूकपट होते, बोलपट होते, ऐतिहासिक व सामाजिक अशा दोन्ही प्रकारचे चित्रपट होते आणि निर्मितीही होती. अनेक नायिकांची संपूर्ण कारकीर्द याहून लहान असते. प्रचलित चरित्रात हा सर्व कालखंड दोन-तीन वाक्यांत आटोपतो.

याचे एक कारण साधनांच्या स्थितीत आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज उरले आहेत ते फार थोडे. नायट्रेटवर आधारलेली त्या काळची फिल्म ज्वालाग्राही व नाशिवंत होती. चित्रपट जतन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात स्थापन झाली ती १९६४ साली, म्हणजे मूकपटांचे युग संपल्यावर तीस वर्षांनी. तोपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट झाले होते, आणि आरंभीच्या बोलपटांपैकीही कित्येक हाती लागत नव्हते. ललिताबाईंच्या पहिल्या चौदा वर्षांच्या कामापैकी फारच थोडे आज डोळ्यांनी पाहता येते. जे पाहता येते ते मुख्यतः १९४४ नंतरचे. चरित्राचा खरा आरंभ १९४२ च्या अपघातापासून व्हावा असे जे वाटते त्याचे कारण पुष्कळ अंशी येथे आहे. साधने ज्या ठिकाणी सुरू होतात त्याच ठिकाणी जीवन सुरू झाले, असा भ्रम निर्माण होतो. ‘रामायण’ पाहणारा अंबडचा प्रेक्षक आणि संग्रहालयात बसलेला संशोधक हे या बाबतीत एकाच पातळीवर आहेत. दोघांनाही उत्तरार्धच तेवढा दिसतो.

४

१९४२ मधील प्रसंग थोडक्यात असा. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थप्पड मारावयाची होती. ती इतक्या जोराने बसली की डाव्या डोळ्याची शीर दुखावली व चेहऱ्याला अर्धांगवायूचा विकार जडला. पुढे सुमारे तीन वर्षे उपचार चालले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला.

या प्रसंगाच्या प्रचलित कथनातील दोन गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे. पहिली ही की, भगवान हे नवखे असल्यामुळे असे घडले, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु भगवान मूकपटांच्या काळापासून या व्यवसायात होते आणि १९३८ च्या ‘बहादुर किसान’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. तेव्हा नवखेपणाचा खुलासा समाधानकारक वाटत नाही. त्यांच्या ठिकाणी दुष्ट हेतू होता असे मानण्यासही कोणताच आधार नाही. पडद्यावरील मारहाण खरीखुरी वाटावी म्हणून ती खरीखुरीच करावयाची, अशी कामाची रीत तेव्हा होती व तिच्यात नटाच्या शरीराच्या सुरक्षिततेची व्यवस्था नव्हती. मारामारीच्या चित्रपटांचा तो काळ होता. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झालेला असला तरी नट हा कामगार समजला जात नव्हता. चित्रपटकामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला तो १९८१ साली. हे ध्यानात घेतले म्हणजे १९४२ ची घटना नशिबाचा खेळ म्हणून नव्हे तर कामाच्या ठिकाणी झालेला अपघात म्हणून पाहावी लागते.

दुसरी गोष्ट कालक्रमाची. तीन वर्षांच्या उपचारांमुळे त्या पडद्यापासून दूर राहिल्या व नंतर नव्याने चरित्रभूमिकांकडे वळल्या, असे सामान्यतः समजले जाते. परंतु प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली प्रदर्शित झाला आणि त्यात आनंदीबाईंचे काम ललिताबाईंनी केले आहे. उपचारांच्या मानल्या गेलेल्या मुदतीच्या आतच हे काम येते. म्हणजे उपचार व काम ही दोन्ही काही काळ बरोबरच चालली असली पाहिजेत. आजारातून पूर्ण सावरण्यापूर्वीच त्यांना कामावर उभे राहावे लागले, हे या तारखांवरून दिसते.

आनंदीबाईंची ही भूमिका आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही त्या प्रसंगासंबंधीची लोकप्रसिद्ध कथा ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तथापि मराठी मनात महत्त्वाकांक्षी स्त्रीची प्रतिमा या कथेने कायमची ठसविली आहे. दोष राहिलेल्या डोळ्यानिशी पडद्यावर आलेल्या नटीला प्रथम मिळालेल्या मोठ्या भूमिकांपैकी एक हीच असावी, हे पुढील काळाच्या दृष्टीने सूचक आहे. व्यवसायाने त्या डोळ्याचा अर्थ येथेच ठरवून टाकला.

५

तथापि नायिकापद संपण्याचे कारण डोळा हेच एकमेव होते काय? या प्रश्नाचे उत्तर समकालीन नटींशी तुलना केल्यावाचून देता येणार नाही.

लीला चिटणीस या १९४१ च्या ‘झूला’ चित्रपटात अशोककुमार यांच्या नायिका होत्या. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमार यांच्या आई झाल्या. याउलट अशोककुमार १९४९ च्या ‘महल’मध्ये नायकच होते. लीलाबाईंना कोणताही अपघात झाला नव्हता. दुर्गाबाई खोटे यांचीही वाटचाल नायिकेकडून आईकडे, ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाईंपर्यंत, अशीच झाली. सुलोचना लाटकर यांनी ‘सुजाता’त (१९५९) नायिकेला वाढविणाऱ्या आईचे काम केले तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या.

ललिताबाईंच्या बाबतीत वयांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १९५२ च्या ‘दाग’मध्ये त्या दिलीपकुमार यांच्या आई आहेत, दोघांच्या वयांत अंतर साडेसहा वर्षांचे. १९६१ च्या ‘हम दोनो’मध्ये देव आनंद यांनी साकारलेल्या मेजरची आई त्यांनी उभी केली, तेथे अंतर सात वर्षांचे. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये राज कपूर यांच्या नायकाला मायेने वागविणारी केळेवाली गंगामाई त्यांनी केली. तेथे अंतर आठ वर्षांचे. ‘दहेज’मधील (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी रंगविली तेव्हा त्या स्वतः चौतिशीत होत्या. त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील असलेले अशोककुमार त्याच दशकात नायकाची कामे करीत होते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, तिशीनंतर नायिकेला आई करावयाचे हा त्या व्यवसायाचा सर्वसाधारण नियम होता आणि तो निरोगी डोळ्यांच्या नटींनाही सारखाच लागू होता. अपघाताने ललिताबाईंच्या बाबतीत तो काही वर्षे अलीकडे आणला, तोही विशीतच. ही हानी लहान नव्हे. परंतु अपघात झाला नसता तर त्या आजन्म नायिका राहिल्या असत्या, हे मानणे जितके अनैतिहासिक आहे, तितकेच अपघातामुळेच त्या मोठ्या झाल्या असे म्हणणेही अनैतिहासिक आहे. दुखापतीला वरदान ठरविणारी भाषा वाचकाला सुखावते खरी. परंतु तीमुळे चौदा वर्षांचे शिक्षण व श्रम यांचे श्रेय एका थपडेच्या पदरात पडते.

अपघाताचा जो स्वतंत्र परिणाम झाला तो भूमिकेच्या जातीवर. लीलाबाई सोशिक आई झाल्या. ललिताबाई मुख्यतः सासू, आत्या, पालक अशा अधिकार गाजविणाऱ्या स्त्रिया झाल्या. मायाळू आईचे व खाष्ट सासूचे वय सारखेच असले तरी चेहरा वेगळा लागतो, अशी दिग्दर्शकांची समजूत होती.

६

या सासूला जे स्थान मिळाले त्यात त्या काळच्या सामाजिक प्रश्नांचाही वाटा आहे. १९५५ साली हिंदू विवाहविषयक कायदा झाला व घटस्फोटाची तरतूद आली. त्याच वर्षी गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ प्रदर्शित झाला. त्यातील स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी श्रीमंत आत्या सीतादेवी ललिताबाईंनी केली आहे. चित्रपटाचा कल तिच्या विरुद्ध आहे, हे उघड आहे. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आणि १९६१ साली हुंडाप्रतिबंधक कायदा झाला. ‘दहेज’ हा त्याच्या अकरा वर्षे आधीचा. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ‘सुजाता’तही जातीच्या अभिमानाला चिकटून राहणारी वृद्धा ललिताबाईंचीच. घरातील जुन्या सत्तेचा प्रश्न पडद्यावर आला की ती सत्ता त्यांच्या चेहऱ्याने बोलू लागे. कधी त्या हुंडा मागणाऱ्या झाल्या, तर कधी कायद्याचा आश्रय घेणाऱ्या. दोन्ही वेळा दोष स्त्रीच्या माथी आला व ज्या व्यवस्थेतून ही सत्ता उत्पन्न होते ती बाजूस राहिली. या मर्यादेचे श्रेय किंवा दोष नटीचा नव्हे. तो लेखक-दिग्दर्शकांच्या दृष्टीचा आहे.

अंबडच्या परिसरात ही सासू अनोळखी नव्हती. मराठवाड्यातील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांत सासुरवास हा एक प्रमुख विषय आहे. सासूचा बोल, माहेरची वाट, भावाची प्रतीक्षा यांचे तेथे असलेले चित्रण चित्रपटाहून कितीतरी जुने आहे. तालुक्याच्या गावांपर्यंत चित्रपट पोचे तो बहुधा उशिरा, शहरांतून फिरून झाल्यावर. जत्रा-उरुसांत तंबूतून दाखविला जाणारा फिरता चित्रपट हेही त्याचे एक साधन होते. हिंदी बोलपटाची भाषाही येथे परकी वाटत नव्हती. निजामी राजवटीत उर्दू ही कचेरीची व शाळेची भाषा असल्यामुळे हिंदुस्थानी संवाद समजण्यास येथील प्रेक्षकाला अडचण नव्हती. ओवीतील सासूला तोवर आवाज होता, चेहरा नव्हता. तो चेहरा पडद्याने दिला, आणि तो ललिताबाईंचा होता. सुनेला टोचून बोलणाऱ्या बाईला ‘ललिता पवार’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली, ती अशा दुहेरी परिचयातून.

परंतु याच दशकात त्यांच्या कामाची दुसरी बाजूही दिसते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त (१९५९) त्यांनी मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण केली. ही बाई तोंडाने फटकळ, परंतु भाडेकरू तरुणाला कळू न देता त्याची काळजी वाहणारी आहे. औषधाच्या कारखान्यातील हलगर्जीपणाने बिघडलेले औषध पोटात जाऊन तिचा मृत्यू होतो आणि चित्रपटातील खरा नैतिक प्रश्न तेथे उभा राहतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. पुढे ‘आनंद’मध्ये (१९७१) त्याच दिग्दर्शकाने त्यांना डिसा याच आडनावाची रुग्णालयातील कडक परंतु प्रेमळ परिचारिका केले. ‘जंगली’तील (१९६१) घरात हसण्यास बंदी करणारी आई आणि ‘प्रोफेसर’मधील (१९६२) कठोर असूनही उतारवयात प्रेमात पडणारी आत्या या भूमिकांत त्यांनी स्वतःच्याच रूढ प्रतिमेचा विनोदासाठी उपयोग केला आहे.

मिसेस डिसाचा डोळा आणि ‘दहेज’मधील सासूचा डोळा हा एकच आहे. एकीकडे त्यातून माया दिसते, दुसरीकडे क्रौर्य. तेव्हा खलत्व हे त्या डोळ्यात नव्हते. ते प्रसंगाने, संवादाने व अभिनयाने निर्माण केलेले होते, हे सिद्ध होते. डोळ्याच्या दोषाने नटी घडली, या मताला सर्वांत सबळ उत्तर ‘अनाडी’ हेच आहे.

७

मंथरेची भूमिका ललिताबाईंनी दोनदा केली: प्रथम बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ या १९६१ च्या चित्रपटात, आणि नंतर सव्वीस वर्षांनी दूरदर्शनच्या मालिकेत. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात मंथरा ही कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी आहे. तिचा राज्याशी स्वतःचा काही संबंध नाही. मालकिणीच्या हिताशी तिची निष्ठा बांधलेली आहे. तिची कुबड हेच तिच्या कुटिलतेचे चिन्ह, असा अर्थ परंपरेने लावला. शरीरातील व्यंगावरून स्वभावाचे अनुमान करण्याची ही जुनी रीत आणि चित्रपटव्यवसायाने ललिताबाईंच्या डोळ्याचा लावलेला अर्थ, या दोहोंमागील विचार एकच आहे.

अंबडच्या प्रेक्षकाला ही कथा दूरचित्रवाणीने शिकविली नाही. संत एकनाथांनी पैठण येथे ‘भावार्थ रामायण’ रचिले, ते याच गोदाखोऱ्यात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे पूर्वी अंबड तालुक्यात गणले जाई. आज ते घनसावंगी तालुक्यात आहे. कीर्तन-प्रवचनांतून मंथरा येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली होती. १९८७ साली ती पाहिली गेली. ‘दहेज’च्या काळातील सासू ज्यांच्या स्मरणात होती त्यांनी या मंथरेत तीच सासू ओळखली, ज्यांनी जुने चित्रपट पाहिले नव्हते त्यांच्यासाठी ललिताबाई तेथेच सुरू झाल्या.

माध्यमाच्या दृष्टीनेही येथे एक फरक घडला. चित्रपट पाहण्यासाठी घराबाहेर जावे लागे, तिकीट काढावे लागे, आणि अनेक घरांतील स्त्रियांना ती मोकळीक नसे. १९८२ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत प्रक्षेपणकेंद्रांचे जाळे लहान गावांपर्यंत पसरले. त्यामुळे ज्या स्त्रिया चित्रपटगृहात कधी गेल्या नव्हत्या त्यांनीही ललिताबाईंना पाहिले. एका अर्थाने त्यांना सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला तो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, आणि तोही एका दासीच्या छोट्या भूमिकेतून. ‘रामायण’ ३१ जुलै १९८८ रोजी संपले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी ललिताबाईंचे पुण्यात औंध येथे निधन झाले. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, तीच मालिका पुन्हा दाखविण्यात आली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या पिढीलाही त्यांची ओळख झाली ती पुन्हा मंथरा म्हणूनच.

८

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १९४२ चा अपघात ही ललिताबाईंच्या कारकीर्दीतील गंभीर व अन्यायकारक घटना होती. परंतु ती त्या कारकीर्दीचा आरंभ नव्हती आणि तिचे कारणही नव्हती. दुसरी, नायिकेकडून चरित्रभूमिकेकडे झालेले स्थित्यंतर हे व्यवसायाच्या सर्वसाधारण नियमाला धरून होते. अपघाताने ते लवकर घडविले व त्याला विशिष्ट वळण दिले. तिसरी, त्या वळणातही त्यांनी आपल्या अभिनयाने ‘अनाडी’सारखी कामे उभी केली, व त्यांचे मूळ मूकपटांच्या काळातील शिक्षणात शोधावे लागते. चौथी, त्यांच्या चरित्राचा आज प्रचलित असलेला आराखडा हा मुख्यतः नष्ट झालेल्या चित्रपटांनी निर्माण केलेल्या पोकळीचा परिणाम आहे.

नष्ट झालेले मूकपट परत मिळण्याची आशा अल्प आहे. परंतु प्रेक्षकांची स्मृती हे दुसरे साधन अद्यापि पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ‘दहेज’ किंवा ‘श्री ४२०’ ज्यांनी प्रथम प्रदर्शनाच्या काळात पाहिले ती माणसे आज ऐंशी वर्षांच्या पलीकडे गेली आहेत. अंबडसारख्या गावांतून तंबूतील चित्रपट कोणत्या जत्रेत येत, स्त्रियांना तेथे जाता येई की नाही, ‘रामायण’ कोणाच्या घरी पाहिले जाई, आणि मंथरेला पाहून घरातील वृद्ध स्त्रिया काय बोलत, याची नोंद अजून घेता येण्यासारखी आहे. एका नटीच्या कारकीर्दीचा पूर्वार्ध साधनांअभावी हातचा गेला. तिच्या प्रेक्षकांच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे नसेल तर हे काम मराठवाड्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पुढील काही वर्षांतच केले पाहिजे.